भाजीची सालं आणि आमचे दरोगाजी

कोणाच्याही घरी गेले की जगदाळेकाका आधी मागच्या दाराशी जायचे. पुढे बैठकीत खुर्ची आणि पाण्याचा पेला तयार असायचा आणि हे गृहस्थ मोरीपाशी वाकून बादलीत डोकावत असायचे. साखरपुडा असो की सांत्वनाला जाणं असो, त्यांना फरक पडत नसे. देवासला आमच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हाही चपला काढून सरळ मागे गेले, आणि परत येऊन आईला म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडे चहाची पत्ती फार निघते. धुऊन गुलाबाला घालत जा." पहिल्याच भेटीत आईला असं कोणी बोललं नव्हतं. ते गेल्यावर तिने मला विचारलं, "हे तुझे साहेब आहेत की झडती घेणारे?"

साहेब ते नव्हतेच. मी उपयंत्री, तुमच्याकडचा कनिष्ठ अभियंता, आणि ते स्वच्छता निरीक्षक, म्हणजे कागदावर माझीच खुर्ची जरा बरी. धार जिल्ह्यात सरदारपूरच्या बाजूला एका बाजाराच्या गावात आमची छोटी नगर परिषद होती. गावाचं नाव लिहीत नाही, कारण या गोष्टीतले बरेच जण अजून तिथे नोकरीत आहेत आणि मलाही कधीतरी तिकडे जायचं असतं. गावात सगळे काकांना दरोगाजी म्हणत. सफाईची माणसं ज्याच्या हाताखाली काम करतात त्याला दरोगा म्हणायची आमच्या माळव्यात जुनी रीत आहे, पोलीसठाण्याशी त्याचा काही संबंध नाही. नवे लोक मात्र फोनवर "दरोगा बोल रिया हूं" ऐकलं की क्षणभर गप्प व्हायचे आणि काका त्याचा पुरेपूर फायदा घ्यायचे.

परवा त्यांच्या मुलाचा फोन आला. निवृत्तीनंतर काका देवासला त्याच्याकडेच राहत होते. सकाळी चहा झाला, पेपर वाचला आणि वाचतावाचताच गेले. फोन ठेवला आणि मी रडले. मग ऑफिसात जाऊन बसले, पण काम काही झालं नाही. या माणसाचं मी किती देणं लागते हे मी त्याला कधी नीट सांगितलंच नव्हतं, म्हणून आता हे लिहायला घेतलं आहे.

जगदाळे मूळचे साताऱ्याकडचे, पण माळव्यात येऊन सहा-सात पिढ्या झालेल्या. दरबाराशी संबंध असलेल्या आमच्याकडच्या मराठी घरांत एकदा पूर्वजांच्या गोष्टी निघाल्या की प्रत्येकाचे पणजोबा घोड्यावर बसलेले असतात. काका सगळ्यांचं ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, "आमचे पणजोबापण पागेवरच होते. तुमचे वर बसायचे, आमचे मागून लीद उचलायचे. घोडा तोच." त्यांच्या थोरल्या बहिणीला, आक्कांना, हे मुळीच खपत नसे. त्या लगेच सुधारायच्या, "पागेचे कारभारी होते हो." काका मान डोलवून म्हणायचे, "होय, लिदीचे कारभारी."

मैदानावर जायचं असलं तरी ते पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा शर्ट घालून जायचे. मैदान म्हणजे गावाबाहेरची कचरा टाकायची जागा. मी एकदा विचारलं की खाकी का घालत नाही. तर म्हणाले, "डाग कुठे पडला ते कळायला नको?" रागावले की तीन दिवस बोलायचे नाहीत आणि चौथ्या दिवशी खिशातून रतलामी शेवेची पुडी काढून टेबलावर ठेवायचे. तोच त्यांचा तह. बाजारातल्या पोहेवाल्याशी प्लास्टिकच्या पिशव्यांवरून ते रोज भांडायचे आणि भांडण संपलं की त्याच्याकडेच उभ्याने पोहे-जिलबी खायचे.

सरकारी कागदांचं त्यांना विलक्षण वेड. भोपाळहून परिपत्रक आलं की बाकी सगळे पहिल्या पानावरचा विषय वाचून शिक्का मारायचे. काका ते शेवटच्या पानापासून वाचायला घ्यायचे. "अगं, पहिल्या पानावर मंत्री असतात, मधे ठेकेदार. गरिबाचं नाव असलंच तर शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात. तिकडून सुरू कर, मतलब थकायच्या आत तो भेटतो." ही त्यांची शिकवण मी आजही पाळते. मैदानावर कचरा वेचणाऱ्या बायकांचं सगळं पुढे याच सवयीवर ठरलं.

कचऱ्याची छँटाई, म्हणजे वेगवेगळ्या मालाचे वेगळे ढीग करणं, यासाठी शेड बांधायला आमच्या गावाला अनुदान मंजूर झालं होतं. काही वाटा केंद्राचा, काही राज्याचा, उरलेला आम्ही घालायचा. प्रकल्पाचा अहवाल करायचं काम माझ्याकडे आलं. मी नोकरीला नवी होते, परिवीक्षेत म्हणजे प्रोबेशनवर होते, आणि नवा उपयंत्री जे करतो तेच मी केलं. दुसऱ्या एका गावाचा तयार अहवाल मिळवला आणि गावाचं नाव बदललं. त्यात सगळं होतं: कुंपण, फाटक, माल वेगळा करणारं यंत्र, यंत्र चालवणारी बाहेरची कंपनी. मी तो कौतुकाने काकांना दाखवला. त्यांनी सवयीप्रमाणे मागून चाळला आणि विचारलं, "यात गेंदीबाई कुठे आहे?"

गेंदीबाई कोण, हे मला माहीत नव्हतं.

"उद्या सकाळी सातला मैदानावर ये. वही आण. इंजिनिअरबाई आहेस ना, मोजून घे."

गेंदीबाई मूळची बाग नावाच्या गावाकडची. मजुरीसाठी नवऱ्याबरोबर गावात आली, नवरा वारला, ती राहिली. तिच्याबरोबर आणखी सहा जणी. पहाटेपासून मैदानावरचा कचरा उपसून पुठ्ठा, पत्रा, बाटल्या, दुधाच्या पिशव्या निवडायच्या आणि भंगारवाल्याला विकायच्या, यावर त्या सातही घरांच्या चुली पेटत. काकांनी मला तीन सकाळी तिथे बसवलं. पहिल्या दिवशी मी नाकाला ओढणी लावून बसले. तिसऱ्या दिवशी ओढणी कधी खाली आली ते कळलंही नाही, इतकं त्या बायकांचं काम पाहण्यासारखं होतं. पिशवी नुसती बोटांत चुरगाळून ती कोणत्या मालाची आहे हे त्या सांगत. मी वही भरून लिहून घेतलं. निघताना गेंदीबाईने विचारलं, "बेनजी, फाटक लगेगा तो हम अंदर रेंगे के बाहर?"

माझ्या अहवालाप्रमाणे त्या बाहेर होत्या. 

काकांनी अनुदानाच्या मार्गदर्शिकेच्या शेवटच्या पानांतून एक ओळ काढली. जिथे आधीपासून लोक कचरा वेचून जगतात, तिथे त्यांचा गट करून त्यांना कामात सामावून घ्यावं. धोरण चांगलंच होतं, ते कोणी तिथवर वाचलं नव्हतं इतकंच. मी अहवाल पुन्हा लिहिला. आमचे मुख्य नगरपालिका अधिकारी, ज्यांना सगळे सीएमओसाहेब म्हणतात, वाईट मनुष्य नव्हते. अनुदान परत जाईल या धास्तीने त्यांना रात्रीची झोप नसे. त्यांनी अट घातली. बायकांच्या गटाने घरोघरचा कचरा गाडीत भरून आणावा आणि तात्पुरत्या पत्र्याच्या छपराखाली छँटाई सुरू करावी. मग बाहेरून तपासणीचं पथक येईल. घराघरांतून ओला-सुका वेगळा येतो आहे असं पथकाला दिसलं तर पुढचा हप्ता मिळेल आणि पक्की शेड गटाकडेच राहील. नाही दिसलं, तर काम कंपनीला. काकांनी बायकांना हे जसंच्या तसं सांगितलं, गोड करून सांगितलं नाही. गेंदीबाई म्हणाली, "हमारी तरफ से कमी नी रेगी साब. घरवालों को आप देख लो."

गावातले बाकी मोहल्ले महिन्याभरात वळणावर आले. अडलं ते आमच्याच मराठी मोहल्ल्यात. तिथल्या म्हाताऱ्या बायकांना हिरवी बादली, निळी बादली हे प्रकरण पसंत नव्हतं. इंदूकाकू, त्या मोहल्ल्यातल्या सगळ्यांत वडील, त्यांना तर दोन बादल्या घरात ठेवणंच अमंगळ वाटे. काका दोन-चार दिवस विचारात होते. मग एके दुपारी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "सापडलं. या बायकांना ओला-सुका शिकवायचं म्हणजे त्यांना चूल शिकवण्यासारखं आहे. सरकार आत्ता सांगून राहिलंय, या पिढ्यान्‌पिढ्या वेगळं काढून राहिल्यात. लिही. ओला कचरा म्हणजे खरकटं. सुका म्हणजे बिनखरकटं. खरकट्याचा हात दुसरीकडे लागू द्यायचा नाही. बस!"

मी ते पत्रक मराठीत, माझ्या हाताने लिहिलं. माझी शाळा सगळी हिंदीतली. मराठी घरात बोलायचे, पण लिहिताना वेलांट्या डगमगत. काका शेजारी बसून ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करत होते. पत्रकाच्या प्रती घरोघर गेल्या आणि चमत्कार झाला. मराठी मोहल्ला आठ दिवसांत सुतासारखा सरळ! इंदूकाकू सुनांवर पहारा ठेवू लागल्या. काका शिट्टी वाजवत ऑफिसात यायचे.

तपासणीचं पथक आलं. पथकाच्या प्रमुख पन्नाशीच्या एक बाई होत्या, बोलायच्या कमी, बघायच्या फार. कोणता मोहल्ला दाखवणार, असं त्यांनी विचारलं तेव्हा काकांनीच ऐटीत मराठी मोहल्ल्याचं नाव सांगितलं. कचऱ्याची गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबवली. बाईंनी सुक्या कचऱ्याचा कप्पा उघडायला लावला.

आत बटाट्याची सालं. मटाराच्या शेंगांची टरफलं. केळीच्या साली, कोथिंबिरीच्या मुळ्या, अर्धं शहाळं. मग ओल्या कप्प्याचं झाकण काढलं तर त्यात पोह्यांच्या कागदी प्लेटा आणि वरणाचे डाग पडलेलं वर्तमानपत्र.

 तेवढ्यात इंदूकाकू ओट्यावरून अभिमानाने म्हणाल्या, "अगदी दरोगाजींनी सांगितल्याप्रमाणे हो! कच्च्या भाजीचं साल कधी खरकटं असतं का? आणि त्या प्लेटेला पोह्याची शितं लागलेली, ती बिनखरकट्यात कशी घालू?"

काकू बरोबर होत्या. शिजलेलं अन्न लागलं तर खरकटं, कच्चं ते खरकटं नाहीच. खरकटं पाळणाऱ्या साऱ्या मराठी घरांना हे जन्मापासून माहीत असतं. सहा-सात पिढ्यांच्या जगदाळ्यांनाही माहीत होतं. नेमकं पत्रक सांगताना ते विसरले, आणि आमच्या घरी ते पाळत नसल्यामुळे लिहिताना मला तर आठवण्यासारखं काही नव्हतंच. मी काकांकडे पाहिलं. पांढऱ्या शर्टात उभा असलेला तो माणूस एकदम म्हातारा दिसला.

सीएमओसाहेब त्यांच्या कानाशी लागले. मी जवळच होते म्हणून ऐकू आलं. "के दो गाड़ी पे मिल गया. गेंदीबाई लोगों ने भरते टेम मिला दिया. अपन निकल जाएंगे, उनको समझा लेंगे."

तसं म्हटलं असतं तर घरं सुटली असती, काका सुटले असते, मी सुटले असते. आणि फाटक त्या सात जणींच्या तोंडावर बंद झालं असतं.  पत्रक माझ्या अक्षरातलं होतं आणि परिवीक्षेचे अजून पाच महिने बाकी होते.

काका पथकाच्या बाईंसमोर जाऊन उभे राहिले. "मैडम, गाड़ी पे कुछ नी मिला. घरवालों ने भी ठीक ही किया, जैसा मैंने बताया वैसा. गलत मैंने बताया. लिखा भी मैंने." आणि मग त्या परप्रांतातल्या बाईला त्यांनी भर गल्लीत, भर उन्हात खरकटं म्हणजे काय ते समजावून सांगितलं. शीत लागलं तर काय, दूध सांडलं तर काय, फळ कशात धरतात. त्या वहीत लिहीत होत्या. इंदूकाकू मधूनमधून दुरुस्ती करत होत्या.

ऐकून झाल्यावर बाईंनी एकच विचारलं. "तो शेड पर जाके इन छिलकों का क्या होता है?"

ते काकांनाही माहीत नव्हतं. आम्ही सगळे छपराखाली गेलो. गेंदीबाईने बाईंना एका कोपऱ्यात नेलं. तिथे मराठी मोहल्ल्याच्या सुक्या मालाची जागा वेगळी आखलेली होती. तिने पोतं ओतलं, दोघी जणी बसल्या, आणि आम्ही बघताबघता सालं एकीकडे, पुठ्ठा-पिशव्या दुसरीकडे झाल्या. सालं खताच्या खड्ड्यात गेली. "रोज निकालते हैं," गेंदीबाई म्हणाली. "इस मोहल्ले के सूखे में छिलका आता है, गीले में कागज. बस-स्टैंड के माल में कांच रेता है. सबका अपना-अपना है."

काका तिच्यावर जवळजवळ ओरडले, "तो मेरे को बताया क्यों नी?"

ती संकोचाने म्हणाली, "साब, आपने सिखाया था उनको. हमने सोचा, मराठी लोगों में छिलके का कोई नियम होगा."

पथकाच्या बाई हसल्या. दिवसभरात पहिल्यांदाच. जाताना त्यांनी सीएमओसाहेबांना विचारलं की यंत्राला हे कळलं असतं का. उत्तराची वाट न बघता त्या गाडीत बसल्या.

पथकाच्या अहवालात घरांच्या वर्गीकरणाचे गुण कापले गेले. पण गटाचं काम उत्तम आहे, शेड त्यांच्याकडेच ठेवावी, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. हप्ता आला. काकांना मात्र कारणे दाखवा नोटीस मिळाली. निवृत्तीला तीन महिने राहिले होते आणि जिल्ह्याच्या सन्मानाच्या यादीत त्यांचं नाव जाणार होतं, ते काढलं गेलं. नोटिसीच्या उत्तरात त्यांनी चारच ओळी लिहिल्या. पत्रक कोणाच्या हातचं आहे हे त्यांत नव्हतं. मी त्यांच्या खोलीत जाऊन म्हटलं, "काका, अक्षर माझं आहे, मी सांगते." ते कागदातून वर न बघता म्हणाले, "तुझ्या वेलांट्या अजून वाकड्या आहेत. त्या आधी सरळ कर." मी तिथे उभी राहून रडले. ते कागद वाचत राहिले. मग खिशातून शेवेची पुडी काढून टेबलावर ठेवली, खरं तर आमचं भांडण झालेलं नव्हतं तरीही.

मग त्यांनी काय करावं? मराठी मोहल्ल्यातल्या प्रत्येक घरी गेले. तेव्हा मात्र पुढच्या दाराने. हात जोडून म्हणायचे, "काकू, माझं चुकलं. साल ओल्यात, प्लेट सुक्यात." इंदूकाकूंनी त्यांना अर्धा तास ऐकवलं, वर बेसनाचा लाडू दिला.

त्यांना देव्हाऱ्यात बसवायचं नाही. त्यांच्याकडे उणं होतं आणि ते त्यांनीच मला सांगितलं. मैदानावर इतकी वर्षं जाऊनही गेंदीबाईच्या हातचा चहा त्यांनी त्या तपासणीनंतर पहिल्यांदा घेतला. आधी ती विचारायची आणि ते "आत्ताच झाला" म्हणायचे. "लिदीच्या कारभाऱ्याचा पणतू मी, आणि माझीच ही अक्कल," असं म्हणाले होते. निवृत्त होईपर्यंत ते मग रोज तिथे जाऊन चहा पीत.

देवासला मुलाकडे जाण्याच्या आठ दिवस आधी मी त्यांना मैदानावर शेवटचं पाहिलं. पक्की शेड तयार झाली होती, फाटक लागलं होतं. त्यांच्या बायकोचं, जगदाळेकाकूंचं, घर आवरणं चाललेलं होतं आणि घरातून निघालेला सुका कचरा एका मोठ्या पिशवीत भरून काका स्वतः स्कूटरवरून घेऊन आले होते. मी मोजमाप करत आत उभी होते. फाटकाशी गेंदीबाई होती, अंगात निळा कोट, हातात जाड मोजे. तिने पिशवी घेतली, उघडली, आत हात घातला आणि थांबली. काकूंच्या इन्सुलिनची एक सुई पुठ्ठ्यांमध्ये राहिली होती.

"साब, ये क्या है?"

काकांनी वाकून पाहिलं. "अरे... रह गई होगी."

"हाथ में घुस जाती तो?" तिचा आवाज चढला होता. मागे रांगेत दोन-तीन माणसं होती, तीही ऐकत होती. "सुई की लाल थैली अलग रेती है, आपको नी मालूम? आज नी लूंगी. घर ले जाओ, पूरा देखो, फिर लाना."

मी पुढे होऊन काहीतरी म्हणणार होते. काकांनी मला हातानेच थांबवलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता, खरोखर शरमले होते, आणि तरी इतके खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "सही के री हो बाई," ते म्हणाले. त्यांनी सुई रुमालात जपून गुंडाळली, पिशवी पुन्हा बांधली आणि स्कूटरवर पायाशी ठेवली. गेंदीबाईने त्यांच्याकडे दुसऱ्यांदा पाहिलंही नाही. रांगेतल्या पुढच्या माणसाला ती म्हणाली, "चलो, खोलो," आणि काका कचरा घेऊन घरी परत गेले.